देवकीच्या लांब बाह्या

मित्रांनो, मी पूर्ण बाह्यांचा एक जुना सुती ब्लाउज आहे. अंग झाकणं हे कपड्याचं कामच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मी जे झाकलं, त्याची लाज मला अजून वाटते.

मला देवकीने शिवलं. नागपुरात मानेवाडा रोडला ती घरीच शिलाईकाम करायची. "देवकीसारखी फिटिंग कोठीच नाही जी," असं गल्लीतल्या बायका म्हणत. मग तिच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांच्यावरून पांढऱ्या खपल्या सुटू लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सोरायसिस आहे. तो कोणाला लागत नाही, पण सहजासहजी जातही नाही. तरी बायकांनी एकेक करून आपलं कापड परत नेलं. तेव्हा घरात उरलेल्या फिकट निळ्या कापडातून देवकीने मला बेतलं आणि माझ्या बाह्या मनगटापर्यंत आणल्या. उन्हाळ्यात मी तिला फार जाचलो.

तिची लेक नंदिनी विमानतळाजवळ, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होती. तिने लव्हेंडरच्या तेलाची कुपी आणली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मलम बंद करू नका. तेल लावायचंच तर चमचाभर खोबरेलात एक-दोन थेंब, आणि आग झाली तर सोडून द्या. आंघोळीनंतर नंदिनी हलक्या हाताने ते आईच्या कोपरांना लावी. चट्टे गेले नाहीत, पण खाज कमी झाली. देवकीला झोप लागू लागली. माझ्या बाह्यांना मंद सुगंध येऊ लागला. ते माझे सुखाचे दिवस.

मग नंदिनीचं लग्न ठरलं. देवकीने एकच हट्ट धरला.

"मले काही नको. तुले पहिली हळद मीच लावीन."

"लाव ना वं आई. पण हे चट्टे तेवढे जाऊ दे. त्यांच्याकडचे लोक पाहतीन."

तोवर चट्टे जातील या आशेने देवकीने हळदीसाठी आखूड बाह्यांचा नवा ब्लाउज शिवला. मला हायसं वाटलं. पण आदल्या दिवशी नंदिनीने खोबरेल घेतलंच नाही. कुपी थेट कोपरांवर उपडी केली.

"आग होऊन राहिली, नंदू."

"असर करून राहिलं ते. थोडा दम धर."

सकाळी कोपरं सोलवटली होती. नवा ब्लाउज घडीतच राहिला आणि मी त्या ओल्या कातडीला चिकटून बसलो.

मांडवात देवकीने हळदीत बोटं बुडवली आणि हात पुढे केला. माझी बाही वर सरकली. नवरदेवाची आत्या प्रयागबाई थट्टेने म्हणाली, "विहीणबाई, एवढ्या उन्हात लांब बाह्या काहून? तुमच्याकडे थंडी पडली का?"

बायका हसल्या. नंदिनीने चटकन माझी कड धरून खाली ओढली.

"राहू दे आई," ती हळूच म्हणाली, "मावशी लावते."

देवकीही हसली. बोटांची हळद तिने ताटलीच्या काठाला पुसली. पहिली हळद तिच्या बहिणीने, जिजाबाईने लावली.

देवकीने त्यावरून लेकीला कधी बोल लावला नाही. गेल्या हिवाळ्यात तिचं हृदय बंद पडलं. तेरवीनंतर तिचे कपडे वाटताना जिजाबाईने मला चिमटीत उचललं.

"हा जाळून टाक वं. रोगाचा हाय."

"तो रोग लागत नाही, मावशी," नंदिनी म्हणाली. "मीच लपवायले लावला होता."

तिने मला उजेडात धरलं. कोपरापाशी तेलाचे डाग होते. मनगटाची कड मात्र स्वच्छ निळी होती. हळदीचा डाग इतका साफ निघत नाही, हे शिवणाऱ्या आईच्या लेकीला ठाऊक होतं; त्या कडेला हळद कधी लागलीच नव्हती. तिने ती कोरी कड आपल्या गालाला लावली.

मित्रांनो, चट्ट्यांना औषध लागतं, धीर लागतो, आणि तेल घालायचं तर थेंब मोजून घालावं लागतं. एवढं सांभाळा. पण तुमच्या घरी असा हात कोणी पुढे केला, तर त्याची बाही खाली ओढू नका. गाल पुढे करा.