पाच देश आणि एक घोडी

आबा घोड्यांच्या पैदास केंद्रात मोतद्दार होते, आणि मी शहरातल्या मुख्य कचेरीत टायपिस्ट. आपले वडील घोड्यांना खरारा करतात, हे मी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी पाच देशांची बैठक आबांच्याच केंद्रात भरली. एका देशात पास झालेला घोडा दुसऱ्या देशात नापास व्हायचा. आता सगळ्यांनी एकाच नियमाने नोंद करायची, असं ठरत होतं. इतिवृत्त टाइप करायला मला पाठवलं. दोन दिवस नुसता कीस पाडला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी घोड्याची उंची कशी मोजायची यावर अडली. अध्यक्ष वैतागले. "एक घोडी आणा आणि पाचही जण मापा बरं!"

घोडी घेऊन आबाच आले. व्हरांड्यात टाइपरायटरमागे मी मान खाली घातली. त्यांनीही ओळख दाखवली नाही. ते जास्त लागलं.

अंगणात पाच तज्ज्ञांनी पाच मापं घेतली. चांगला तीन बोटांचा फरक! मग काय, जो तो आपलंच घोडं पुढे दामटू लागला. त्यांतल्या एक परदेशी डॉक्टरीणबाई तर मोजपट्टीच खोटी म्हणाल्या.

"साहेब, बोलू का?" आबा म्हणाले. "पट्टी बरोबर आहे. अंगणाला उतार आहे. आणि अनोळखी हात लागला की ही म्हातारी घोडी अंग चोरते. तिला आत फरशीवर घेऊ. पण आधी तिला तुमचे हात हुंगू द्या."

दुभाष्याने सांगितल्यावर दोघं-तिघं हसले. डॉक्टरीणबाईंनी मात्र हात पुढे केला. मग एकेकाने केला. म्हातारीने सगळ्यांना हुंगलं, एकाची बाहीही चाटली. फरशीवर पुन्हा मोजलं, तर पाचही मापांत नखाएवढा फरक.

लगेच नियम लिहायला घेतला. "सूचना एका कर्मचाऱ्याची, असं टाका," अध्यक्ष मला म्हणाले.

माझी बोटं थांबली. "साहेब, ते माझे वडील आहेत."

एवढ्या मोठ्यांदा बोलायचं नव्हतं मला. सगळे वळून बघायला लागले. आबा घोडीच्या आयाळीतून नसलेली काडी काढत राहिले.

"अस्सं?" अध्यक्ष म्हणाले. "मग नीट लिहा. केंद्राच्या मोतद्दारांच्या सूचनेवरून."

वर्षभराने पाच भाषांत छापलेली पुस्तिका आली. ती घेऊन मी घरी गेले आणि आबांना त्यांचा नियम वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि विचारलं, "या परक्या भाषांत घोडीला काय म्हणतात गं?" कचेरीतल्या दुभाष्याकडून मी आपला सोडून बाकी चारही शब्द लिहून आणले.

पुढच्या रविवारी तबेल्यात गेले, तर आबा म्हातारीसमोर उभे राहून ते शब्द म्हणत होते. उच्चारांचा पार चुराडा!

"हे काय चाललंय आबा?"

"कुठल्या भाषेला कान टवकारते, बघतोय."

"मग?"

"एकाही भाषेला नाही. भाव खातेय."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढे आधी म्हातारी गेली, मग काही वर्षांनी आबा. आता म्हणे उंची यंत्राने मोजतात, मोजू देत. चहा उकळेपर्यंत मी कधीकधी ते शब्द म्हणून बघते. तीन आठवतात, तेही आबांच्याच उच्चारात.