नुसत्या गटातले बाबा

चेंडू झेलायला शिकल्याने उतारवयात मेंदू आकसायचा थांबतो का, हे शोधायचं काम आमच्याकडे आलं आणि त्यात माझे बाबा नुसते निघाले.

तीन चेंडू हवेत खेळवायला शिकणारे ते चेंडूवाले आणि न शिकणारे ते नुसते. दरवर्षी सगळ्यांना त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये निजवून मेंदूचे फोटो काढायचे आणि प्रत्येकाचा मेंदू त्याच्याच गेल्या वर्षीच्या मेंदूशी ताडून बघायचा. शेजाऱ्याच्या मेंदूशी ताडून काही कळत नाही, कारण कोणाचं डोकं मुळात केवढं हे देवाच्या हातात. कोण कुठल्या गटात जाणार याची चिठ्ठी संगणक काढतो. पुढची आकडेमोड माझी. माणसं कमी पडली म्हणून बाबांना आणलं, आणि मुलगी म्हणून मी त्यांच्या आकड्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. चिठ्ठीत वशिला चालत नाही याचा मला एरवी अभिमान वाटतो. त्या दिवशी वाटला नाही.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना एकच ध्यास होता: दोन गटांत चेंडू सोडून दुसरा फरक नको. म्हणून मशीनवर एक चेंडूवाला घ्यायचा, मग एक नुसता, पुन्हा एक चेंडूवाला. मशीन रुसलं तर दोघांवर सारखंच रुसेल. इथवर ठीक होतं, ते मीच सुचवलं होतं. पण चेंडूवाले दर आठवड्याला जमतात, हसतात, चहा पितात, हे डॉक्टरांनी पाहिलं. झालं! नुसत्यांनाही शेजारच्या खोलीत बोलावणं गेलं. तशाच खुर्च्या, तसाच चहा. चेंडूवाल्यांना शिकवायला सर होते, म्हणून नुसत्यांसाठी न शिकवणारे सर नेमले. ते तासभर फळ्यापुढे उभे राहत. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून देवमाशाच्या वजनाबद्दल काहीतरी निघून गेलं, तर त्यांना लेखी ताकीद मिळाली.

नुसत्यांना दिलेल्या सूचनांत एक ओळ होती: 'अभ्यास संपेपर्यंत नवीन काही शिकू नये.' लिहिणाऱ्याच्या मनात चेंडूसारखं काहीतरी असणार. पण बाबांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेलेली. दुकानदाराचा काटा केसभर कलला तरी त्यांना रात्री झोप येत नसे. त्यांनी ती ओळ जशीच्या तशी अंगाला लावून घेतली. स्वयंपाकघरातला नळ बदलला, तर तो कसा उघडतो हे त्यांनी बघितलंच नाही. पाणी हवं की आईला हाक. समोर नवे शेजारी आले, तेव्हा बाबा त्यांच्याशी ओळख नको म्हणून मान खाली घालून जिना उतरू लागले.

"लग्न झाल्यापासून यांनी नवीन काही शिकलेलं मी पाहिलं नाही," आई म्हणाली. "आता त्याला विज्ञान म्हणायचं, एवढंच."

मीही हसण्यावारी नेलं. मग मला मुलगी झाली.

बाबा दवाखान्यात आले आणि पाळण्यापासून हातभर लांब उभे राहिले. "नाव सांगू नकोस," म्हणाले. "लक्षात राहील."

"अहो बाबा, नात आहे तुमची!"

"नात होणार हे आधीपासून माहीत होतं. नाव नवीन आहे."

मी समजावून पाहिलं. "तुम्ही काहीही शिकलात तरी तुम्ही नुसत्यांतच मोजले जाणार. चिठ्ठीत निघाला तो गट शेवटपर्यंत, असा नियमच आहे."

"मग तर जास्तच जपायला हवं. मी चोरून शिकायचं आणि ते बिचाऱ्या नुसत्यांच्या नावावर चढायचं? हे काट्याखाली बोट लावण्यासारखं झालं."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्याचाच जास्त राग आला. "मग सोडून द्या तो अभ्यास."

"सोडून जातात ते बहुतेक विसरायला लागलेले असतात, आणि ते गेले की उरलेले उगाच शहाणे दिसतात. तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं. एवढं बरं शिकून घेतलं!

तेव्हापासून बाबा खोलीत आले की आम्ही पोरीचं नाव गिळायचो. ते तिला 'बाई' म्हणत. "बाईंचं जेवण झालं का?" बाई चालायला लागल्यावर धावत जाऊन त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारायची, आणि बाबा दोन्ही हात वर करून उभे राहायचे, पोलिसांनी पकडल्यासारखे. लहान मूल घेणं त्यांना येतच नव्हतं. मलाही त्यांनी कधी घेतलं नव्हतं; त्या काळी बापांना ते येत नसे आणि कोणी विचारतही नसे. आता शिकायची बंदी. माझा जीव तुटायचा. ऐंशीला टेकलेला माणूस. अभ्यास संपल्यावर त्यांच्याजवळ नातीसाठी किती वेळ उरणार होता, हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

शेवटच्या फोटोच्या दिवशी आईची दाढ सुजली, म्हणून पोरीला मी कामावर घेऊन गेले. काचेपलीकडे बाबा मशीनमध्ये निजले होते, कानांवर हेडफोन. आत डोकं जरासं हललं तरी फोटो वाया जातो, आणि शेवटचा फोटो गेला तर आधीच्यांचंही मोल उतरतं. बाबा आजवर दगडासारखे पडून राहिले होते. टेक्निशियन नवख्यांना त्यांचं उदाहरण द्यायचा.

"आजोबा, शेवटची दहा मिनिटं," तो माइकवर म्हणाला. त्याच क्षणी पोरीचं बोट कपाटाच्या दारात सापडलं. तिने असा टाहो फोडला की टेक्निशियनचं बोट माइकच्या बटणावरच राहिलं.

स्पीकरमधून बाबांचा आवाज आला. त्यांनी तिला हाक मारली, नावाने. मग आईने ठेवलेल्या लाडाच्या नावाने. मग मी दार लावून, तिला निजवताना म्हणते त्या नावाने. पाठोपाठ डोकं आपटल्याचा आवाज आला आणि पडद्यावरचा फोटो फिसकटला.

बाबा अनवाणी, दवाखान्याच्या झग्यात, कपाळावर टेंगूळ घेऊन बाहेर आले. मागोमाग मोठे डॉक्टर धावत आले. "काही बिघडलं नाही! पुन्हा घेऊ, मशीन मोकळंच आहे."

बाबांनी पोरीचं बोट निरखून पाहिलं. मग तिच्यापुढे दोन्ही हात पसरले आणि तिथेच अडले.

"हिला काखेतून धरायचं की खालून?" त्यांनी मला विचारलं.

"अहो, काही शिकवू नका त्यांना!" डॉक्टर ओरडले. "फोटो व्हायचाय अजून!"

"एक हात खालून," मी म्हटलं, "आणि एक पाठीला."

त्यांनी तिला उचललं. पोरगी रडायची थांबून त्यांच्या टेंगळाकडे बघत राहिली.

"असं?"

"थोडं वर, बाबा."