रत्नाच्या हातचा ग्लास

आमची रत्ना दारूच्या बाटलीला हात लावंल, असं मला कुणी सांगितलं असतं तर त्याला मी येड्यात काढलं असतं. चाळीस वर्सं झाली लग्नाला. माझी बाटली दिसली की बाई नाकाला पदर लावायची. आन त्या शनिवारी बघतोय तर ओट्यावर बाटली, आन ही पदर खोचून समोर उभी!

त्याचं असं झालं. दर शनिवारी दिवस कलला की मी आन माझा दोस्त नरहरी मोटारसायकलवर ताम्हिणीला ढाब्यावर जायचो. आमच्या नेरे गावापास्नं दीड तासाची वाट. येताना अंधार, घाटात धुकं, आन दोघंबी फुल्ल. मागल्या म्हयन्यात वळणावर गाडी घसरली. माझं कोपर सोललं, नरहरीचा दात पडला. तरी पुढल्या शनिवारी आमी हजर. रत्ना भांडली, रडली, दोन दिवस बोलली न्हाई. पण मी, हा हैबतराव, ऐकतोय व्हय कुणाचं!

मग ती गेली वरच्या मजल्यावर, पायलकडं. पायल म्हंजे आमची भाडेकरू. हिंजवडीत मोठ्या हॉटेलात बारवर दारूचे ग्लास बनवायचं काम करती. खोली देताना ते कळलं तवा मीच तोंड वाकडं केलं व्हतं. तिच्याकडनं आमची कारभारीण आठवडाभर शिकत व्हती आन मला पत्ता न्हाई.

"बसा," रत्ना म्हणली. "प्यायचीच हाय ना? माझ्या हातची प्या. आवडली तर ताम्हिणी बंद. न्हाई आवडली तर जावा, मी पुन्हा तोंड उघडायची न्हाई."

"काका, ह्या कॉकटेलला ओल्ड फॅशन्ड म्हणतात," दारात उभी पायल म्हणाली. "मी हात लावणार नाहीये. सगळं काकूंचं."

मी मनात हसलो. नरहरी सा वाजता येणार व्हता. म्हणलं, बघू की गंमत.

पण गंमत ऱ्हायली बाजूला, मी बघतच बसलो. आधी तिनं एका ग्लासात चमचाभर साखरेचा पाक घातला. पाक तर तिच्या हातचा, त्यात कोण खोट काढणार? मग पायलच्या बारक्या बाटलीतनं कडू अर्काचे दोन थेंब. दोन म्हंजे दोनच, तिसरा बाटलीच्या तोंडाशी आलेला तिनं मागं घेतला. व्हिस्की मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण. चार टोपणं, काठोकाठ, एक थेंब सांडला न्हाई. आमी ढाब्यावर बोटांनी मोजतो, तीबी जाडी बोटं बघून.

मग बर्फाचे खडे घालून ढवळायला लागली. काय तो हात, आहाहा! चमचा फिरतोय, बर्फ फिरतोय, पण आवाज म्हणून न्हाई. ग्लासाला बाहेरनं घाम सुटला तशी थांबली. जन्मात तिनं थेंब चाखलेला न्हाई, पण कुटं थांबायचं ते तिला बरोबर कळलं. माझी बायको इतकी हुशार हाय, हे मला चाळीस वर्सांनी कळलं बघा.

फ्रीजमधनं चौकोनी डबी काढली. दोन दिवस जमवलेला बर्फाचा एकच मोठा ठोकळा, तो दुसऱ्या ग्लासात ठेवला, बरोबर मावंल तेवढा. त्यावर ते गाळलं, वरनं संत्र्याची साल पिळली. वास घरभर सुटला. मग पदराला हात पुसून तिनं ग्लास माझ्यापुढं ठेवला आन माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

आन मी काय केलं? उचलला, एका दमात घशाखाली! ढाब्याची सवय, दुसरं काय.

"लई भारी!" मी म्हणलं. खोटं न्हाई, जिभेवर आधी संत्रं आलं, मग कडू, मग गोड. "भर आजून एक."

"एकच असतीय," रत्ना म्हणली. तिचं तोंड एवढंसं झालं.

"अहो काका, ते तासभर पुरवून प्यायचं असतं," पायल कळवळून म्हणाली. "बर्फ एवढा मोठा कशाला, तो लवकर विरघळू नये म्हणून."

रत्ना खाली बघत बोलली. "मीच इचारलं व्हतं हिला. म्हणलं, लई येळ टिकंल असं कायतरी शिकव. तुमी तासभर बसला असता तर नरहरी भावजी वाट बघून गेलं असतं."

बाहेर हॉर्न वाजला.

तिची बोटं बर्फानं लालबुंद झालेली, एकाला सुरी लागलेली, आता दिसली मला. लाज वाटली, खरंच सांगतो. कोपर सोललं तवा वाटली नव्हती इतकी.

उठलो आन दारातनंच वरडलो, "नरहऱ्या, ताम्हिणी बंद! आजच न्हाई, कायमची!"

"आरं, येड लागलं का तुला?"

"व्हय, लागलं! जा घरला."

एकटा कुटं जातोय तो. शिव्या घालत घरला गेला. पायल हसत वर गेली. मी परत येऊन बसलो. ग्लासात नुसता ठोकळा उरला व्हता. रत्ना समोर शेंगा सोलायला बसली. मी ग्लास हातात धरला. बर्फाचं जसं पाणी व्हईल तसं घोट घोट पीत ऱ्हायलो, त्याला आजून संत्र्याचा वास व्हता. पुरा ठोकळा इरघळायला तासाच्या वर गेला. तवर मी जाग्यावरनं उठलो न्हाई.