मौन मोडलं त्या गुरुवारी

रोज दुपारी दोन ते चार माझं मौन असतं. एकोणीस वर्षं झाली. देवाला ते कितपत आवडतं ठाऊक नाही, सूनबाईला मात्र फार आवडतं.

एका वर्षात गल्लीतल्या दोन पोरांनी जीव दिला, तेव्हा सलूनवाल्यांनी दुकानावरची माडी मोकळी करून दिली. तरुण मुलांनी यावं, मनातलं बोलावं, आम्ही ऐकावं. इस्पितळातल्या नर्सबाईंनी आम्हा सहाजणांना शिकवलं, "सल्ला द्यायचा नाही. आणि शंका आली तर आडवळण न घेता विचारायचं, मरावंसं वाटतं का? विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते नव्याने शिरत नाही."

पण सल्ला न देणं आमच्या गल्लीला उपासाहून कठीण. हेडमास्तरांनी पहिल्याच मुलाला अभ्यासाचं वेळापत्रक आखून दिलं. सलूनवाल्यांनी दुसऱ्याचे केस कापले, "डोकं हलकं होतं" म्हणून. दोघंही पुन्हा फिरकले नाहीत.

मग हेडमास्तर पाळ्यांचा कागद घेऊन माझ्या दारात आले, नेमके अडीच वाजता. "वहिनी, दोन ते चार तुम्ही बसाल ना?" मी हात हलवले, मान हलवली, डोळेही वटारले. "वा! हरकत नाही म्हणता," म्हणत त्यांनी लिहूनही टाकलं. चार वाजता भांडायला गेले तर म्हणे, "आता कागद भिंतीवर लागला."

बसले मग, तोंड मिटून. आणि काय सांगू, पोरं येऊ लागली! "त्या काकू काही म्हणजे काही बोलत नाहीत," अशी माझी कीर्ती झाली. जिन्यात रांग लागली. हेडमास्तरांचा जळफळाट. माझ्याही डोक्यात थोडी हवा गेली. देवाला म्हटलं, बघा, न बोलण्यात आपण दोघं सारखेच, पण गर्दी माझ्याकडे.

गुरुवारी एक मुलगी आली. कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम शिकत होती. पाऊण तास नुसती रडली. मग टेबलावर डोकं ठेवून शांतपणे म्हणाली, "माझी हत्यारं मी मैत्रिणीला देऊन टाकली, काकू. आता मला लागणार नाहीत."

घड्याळात तीनला दहा कमी. कागदावर लिहावं तर तिची मान खाली. देवा, म्हटलं, तुम्हाला राग आला तर चारनंतर बघू.

"मरावंसं वाटतंय का, बाळा?"

ती दचकून उठली. "तुम्ही बोलता?"

"बोलते. सांग."

"हो," ती म्हणाली. "आजच."

तिचा हात घट्ट धरला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अहो, नर्सबाईंना फोन लावा!"

"कोण ओरडतंय?" खालून सलूनवाले.

"मी!"

"तुम्ही? अहो, चार कुठे वाजलेत!"

"फोन लावा म्हणते ना!"

अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून त्यांनी फोन लावला. नर्सबाई येईपर्यंत मी हात सोडला नाही, तिनेही नाही. मध्येच नाक पुसत ती म्हणाली, "काकू, तुमची कवळी सैल आहे. बोलताना टकटक वाजते."

"एकोणीस वर्षं दुपारची कुणी ऐकली नाही ना," मी म्हटलं. "कधी नीट करशील?"

नर्सबाई आल्या, तिच्या आईला बोलावलं, दोघींना घेऊन इस्पितळात गेल्या. डॉक्टर, गोळ्या, दर आठवड्याची खेप, सगळं सुरू झालं. सोपं नव्हतं. मधले दोन गुरुवार ती आलीच नाही. ते दोन्ही गुरुवार मी देवाशी भांडले.

तिसऱ्या गुरुवारी जिन्यात पावलं वाजली. तिच्या हातात हत्यारांची पेटी होती. "मैत्रीण देत नव्हती परत," ती म्हणाली. "काढा कवळी. पुढच्या गुरुवारी आणून देते."

मी काढून तिच्या हातात ठेवली.

सध्या माझं मौन चोवीस तासांचं आहे. सूनबाई त्या मुलीला दुवा देते.