खडीच्या कामावरची सतरंजी

मी एक सतरंजी. सोलापूरच्या पूर्व भागात, एका हातमागावर जन्मले. विणणारे घरात तेलुगू बोलायचे, तेव्हा मायबोली म्हणाल तर माझी तेलुगूच. मला विकत घेतलं सलोमीबाई साळव्यांनी. मुलींच्या शाळेत त्या शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडे काही वर्षं मी पाहुण्यांची वाट बघत घडीतच पडून होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. शहराबाहेर रस्त्याचं काम निघालं. गावोगावच्या बाया खडी फोडायला बसल्या आणि त्यांची पोरं तिथंच उन्हात, धुळीत लोळू लागली. एका पोराच्या कपाळाला दगडाची कपची लागलेली बाईंनी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटताच त्यांनी मला काखोटीला मारलं, हातात एक छोटा फळा घेतला आणि कामावर जाऊन कडुलिंबाखाली अंथरलं. पोरं गोळा झाली. बाई फळ्यावर अक्षरं काढू लागल्या.

पण बायांत कुजबुज सुरू झाली. अक्कलकोटकडची लिंगायत निंगव्वा, विशीतली, सरळ पुढं आली. तिची लेक शरणू माझ्यावर बसलेली होती.

"बाई, तुमी किरिस्ताव. माज्या पोरीला बाटवू नगा."

बाई रागावल्या नाहीत. "तिच्या गळ्यातलं लिंग गळ्यातच राहील, निंगव्वा. विश्वास नसेल तर इथं बसून बघ."

ती खरंच बसली. रोज जेवणाच्या सुट्टीत भाकरी घेऊन यायची आणि माझ्या कडेला टेकायची, पाय मात्र बाहेर मातीत. बाईंच्या तोंडावरची नजर हलू द्यायची नाही. असा पहारा करता करता फळ्यावरचं तिच्याच डोक्यात शिरलं. एकदा शरणू 'झ'वर अडली, तर मागून निंगव्वाच बोलून गेली. बाईंनी तिच्या हातात खडू दिला. हातोडीनं सोललेल्या त्या हातानं फळ्यावर 'झ' काढला.

शिकवण्याआधी बाई क्षणभर डोळे मिटायच्या. निंगव्वानं एक दिवस विचारलंच, "डोळं मिटून देवाला काय मागता?"

"पाऊस."

निंगव्वानं हातातली भाकरी खाली ठेवली. "आमी बी त्येच मागतो की."

त्या दिवशी तिनं पाय आत घेतले आणि माझ्यावर नीट मांडी घालून बसली.

पुढं पाऊस झाला, काम बंद पडलं. निंगव्वा गावी निघाली तेव्हा बाईंनी मला तिच्या डोक्यावर दिलं.

"गावात अंथर."

"मला कुटं येतंय शिकवाया?"

"येतं तेवढं शिकव. पुढचं शिकायला शनिवारी माझ्याकडे ये."

ती येत राहिली, शिकत राहिली. आज गावच्या मठाच्या ओसरीवर तिची बालवाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात बाई ती पाहायला आल्या. आता त्या थकल्यात. निंगव्वा खुर्ची शोधायला धावली, तोवर बाई पोरांच्या मधोमध माझ्यावर बसल्यासुद्धा. निंगव्वानं फळ्यावर अक्षर काढून विचारलं, "कोण सांगंल?" पोरांचे हात वर गेले. बाईंनीही हात वर केला. निंगव्वा पदरानं डोळे पुसत हसली.

आता माझे काठ उसवलेत, मधे भोकं पडलीत. तरी तक्रार नाही. घडीत सडायचं माझं आयुष्य बाईंनी उलगडलं, त्यांचे उपकार कसे फेडू? एवढंच मागणं आहे: मी अगदी फाटले तरी मला उकिरड्यावर टाकू नका. माझे तुकडे करा. एकेका तुकड्यावर एकेक पोर मावेल.