नळी जोडणारे हात

टोक चादरीला लागलं.

लागलं म्हणजे काय, नुसतं शिवलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पिशवीकडून येणाऱ्या नळीचं उघडं टोक त्याच्या उजव्या हातात होतं, बायकोच्या छातीतून बाहेर आलेली नळी डाव्या हातात. दोन्ही एकमेकींत बसवायच्या ऐन वेळी उजवा हात आपल्याच मनाने हलला. टोक खाली गेलं, तिच्या मांडीवरच्या चादरीला टेकलं आणि वर आलं.

नियम साधा होता. टोक कशालाही लागलं की ती नळी टाकून द्यायची, पुन्हा कोपरापर्यंत हात धुवायचे, नवं पाकीट फोडायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं. सहा वर्षांत दोन-तीनदा त्याने तसं केलंही होतं, काही न बोलता.

बायको नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती कधीच इकडे बघत नसे.

"झालं का हो?"

"होतंय."

पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे ती विचारणार, का? आणि दुसऱ्या वेळीही हात हलला तर? त्याने टोक बसवलं, आटे फिरवले, पंपाचं बटण दाबलं. पांढरा द्रव नळीतून हळूहळू पुढे सरकू लागला.

"झालं," तो म्हणाला.

कारखान्यात त्याला मायक्रो म्हणत. एकतीस वर्षं तो लेथवर उभा होता. नवा माणूस मायक्रोमीटर शोधेपर्यंत हा दांड्यावरून बोट फिरवून सांगायचा, अजून केसभर जास्त आहे, आणि मोजलं की तेवढंच निघायचं. साहेब लोकही पाहुणे आले की त्याला बोलावून घेत आणि त्याच्याकडून हा खेळ करवून घेत. बोलण्यात तो यथातथाच होता. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभं केलं तर "मशीनला तेल घालत जा" एवढंच बोलून खाली बसला.

त्याला निवृत्त होऊन चार महिने झाले असतील, तेव्हाची गोष्ट. बायको शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. एका दुपारी टाइप करता करता तिच्या पोटात अशी कळ आली की तिने मशीनवरच डोकं टेकलं. आतड्याला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद झाली होती. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलेलं होतं. जेवढं मेलं होतं तेवढं त्यांनी कापून काढलं. बाहेर येऊन त्यांनी हाताने दाखवलं, एवढं राहिलंय. जेमतेम दोन वीत.

दोन वीत आतड्यात अन्न पचत नाही. खाल्लेलं तासाभरात बाहेर पडतं, आणि अंगातलं पाणी, मीठ सगळं सोबत घेऊन जातं. साधं पाणी प्यायलं तर आणखीच सुकायला होतं. ती चार घास खायची ते जिभेसाठी, आणि दवाखान्याने शिकवलेलं मीठ-साखरेचं पाणी मोजून प्यायची. जगायची ती पिशवीवर. रोज संध्याकाळी सातला पिशवी जोडायची, सकाळी सातला सोडवायची. पिशवीतलं पातळ अन्न छातीतल्या नळीतून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जातं, म्हणून एक जंतूसुद्धा आत जाता कामा नये.

दवाखान्याने दोघांनाही शिकवायचं ठरवलं होतं. तिने पहिल्याच दिवशी हात जोडले. "मला नाही बघवत. यांना शिकवा." आणि तो शिकला. पोषण विभागाच्या मोठ्या सिस्टर त्याच्याकडे बघतच राहिल्या. "काका, असे हात मी आमच्या मुलींचेसुद्धा बघितले नाहीत." निवृत्तीनंतर बेकार झालेल्या हातांना काम मिळालं. या विचाराची त्याला शरम वाटायची, पण तो खराच होता.

भेटायला आलेल्यांना बायको सांगायची, "हे माझे खानावळवाले. पदार्थ एकच असतो, पण वेळ चुकत नाही."

आठ महिन्यांपूर्वी चहा ढवळताना चमचा कपावर किणकिणला. त्याने चमचा ठेवून दिला. मग कुलपात किल्ली जाईना. मग सही. त्याने आपली आपण युक्ती काढली. नळी जोडताना कोपर बरगडीला घट्ट दाबून धरायचं, मनगट पलंगाच्या कडेला टेकवायचं. लेथवर हत्यार बसवतात तसं. जमायचं. मुलगी दूर नोकरीला होती. तिचा फोन आला की तो म्हणायचा, "आम्हाला काय धाड भरलीय?" डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर काय सांगणार हे त्याला माहीत होतं. पण मग नळी कोण जोडणार, हे त्याला माहीत नव्हतं.

टोक चादरीला लागल्यावर तीन दिवस त्याने बायकोची पाठ सोडली नाही. "जरा बघू," म्हणत कपाळाला हात लावायचा. दिवसातून चारदा थर्मामीटर.

"आज काय झालंय हो तुम्हाला? मी काही लहान पोर आहे का?"

"हवा खराब आहे," तो म्हणायचा.

चौथ्या संध्याकाळी पिशवी जोडून पाऊण तास झाला होता. ती म्हणाली, "थंडी वाजतेय." त्याने पांघरूण घातलं. दुसरं घातलं. तिचे दात वाजू लागले, आणि मग अख्खा पलंग हलू लागला. त्याने पंप बंद केला, नळीला चिमटा लावला आणि रिक्षा बोलावली. रस्ताभर तिला धरून बसला. तिचं अंग इतकं थडथडत होतं, की त्यात त्याचे हात हललेले कुणालाच कळले नसते.

दवाखान्यात रक्त तपासायला गेलं. जंतू नळीतच घर करून बसले होते. दुसऱ्या दिवशी नळी काढून टाकावी लागली. मोठ्या सिस्टर वही घेऊन बाकड्यावर त्याच्याशेजारी येऊन बसल्या.

"काका, आठवून सांगा. काही चुकलं का? कुठे लागलं-बिगलं?"

"नेहमीसारखंच केलं."

सिस्टर काही लिहायच्या आधी त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्याने हात खिशात घातले. सिस्टरांनी वही मिटली. मग त्या उठून गेल्या.

पाच दिवसांनी ताप उतरला. दुपारच्या भेटीच्या वेळेला तो आत गेला तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. चेहऱ्याची नुसती हाडं राहिली होती. दंडाच्या शिरेतून सलाईन चाललं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती.

तो स्टुलावर बसला.

"अगं," तो म्हणाला, "त्या दिवशी टोक चादरीला लागलं होतं. सोमवारी. मी ते तसंच बसवलं."

तिने पांघरुणाची कड नीट केली.

"माझे हात हलतात. बरेच महिने झाले."

"आठ महिने," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं.

"तू तर बघत नाहीस."

"नळी माझ्या छातीतच आहे ना हो? तुमचा हात हलला की इथे आत कळतं." तिने गळ्याखाली बोट ठेवलं. "आधी वाटलं, माझंच काळीज धडधडतंय. मग लक्षात आलं, तुम्ही धरली की मगच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता. मग मला शिकावं लागलं असतं." तिने तोंड फिरवलं, पण इथे त्या बाजूला खिडकी नव्हती, नुसती भिंत होती. "तुम्ही ते तसंच बसवलं, आणि मीही तसंच बसवू दिलं. सोमवारी तर फारच हलला होता हात."

त्याने खिशातून हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहिला, गोळी वळावी तसा. दोघंही त्याच्याकडे बघत होते.

"रागावले नाही असं नाही," ती म्हणाली. "पण कुणावर, ते ठरवता येत नाही."

तो उठला आणि तडक मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेला. दारातूनच म्हणाला, "चादरीला लागलं होतं. लिहून घ्या."

सिस्टरांनी लिहून घेतलं. मग त्याला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी त्याला कागदावर आतून बाहेर गोल गोल काढायला लावलं, दारापर्यंत चालायला लावलं, आणि गोळ्या लिहून दिल्या. "थरथर थोडी कमी होईल," ते म्हणाले. "जाणार नाही. पुढे वाढेल."

नवी नळी बसवायला डॉक्टरांना दोन तास लागले. उजवीकडची शीर सहा वर्षांच्या नळीने बुजली होती. डावीकडे जागा मिळाली. "ही शेवटची चांगली जागा," डॉक्टर म्हणाले. "यापुढे अवघड आहे. फार जपा." त्यांनी ते दोघांनाही सांगितलं, पण मायक्रोला वाटलं, आपल्या एकट्यालाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर शिकवायचं सामान घेऊन आल्या. छातीवर बांधायचा एक कापडी एप्रन, त्यातून बाहेर आलेली नळी. "आता काकू शिकणार," त्या म्हणाल्या. "पण आधी स्वतःची बघा." त्यांनी आरसा धरला.

बायकोने डोळे मिटले, उघडले, परत मिटले. तिचे ओठ पांढरे पडले. तो उठायला लागला तसं सिस्टरांनी नजरेनेच त्याला बसवलं. मग तिने आरशात बघितलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "ही तर पेनातल्या रिफिलएवढी आहे!"

"मग किती वाटली होती तुम्हाला?"

"बागेला पाणी घालतात ना, तेवढी." ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सहा वर्षं ती त्या पाइपाला भीत आली होती.

शिकणं सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी तिचं टोक एप्रनला लागलं, मग हाताला, मग ट्रेच्या कडेला. दरवेळी सिस्टर म्हणायच्या, "टाका. परत." आवाज चढवायच्या नाहीत. सहाव्या वेळी ती चिडली.

"अहो सिस्टर, मी आयुष्यभर न बघता टाइप केलं. बघून काही करायची सवयच नाही मला!"

मायक्रो कोपऱ्यात बसून होता. तिच्या बोटांकडे बघताना त्याची बोटं मांडीवर चालायची. आठव्या वेळी तिचे आटे तिरके बसले आणि नळी गळायला लागली, तेव्हा त्याला राहवेना.

"लगेच सुलटं फिरवू नकोस. आधी उलटा अर्धा वेढा दे. हलक्या हाताने. बोटाला टक् लागेल. तिथे आटा आट्यावर येतो. मग सुलटं फिरव."

तिने उलटा वेढा दिला. थांबली. पुन्हा दिला.

"लागलं," ती म्हणाली.

"आता फिरव. जोर नको. लोण्यासारखं जाईल."

गेलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, हे मला कुणी शिकवलं नव्हतं."

त्याच्याजवळ होतं ते तेवढंच होतं, आणि ते त्याने देऊन टाकलं होतं.

बारा दिवसांनी ती घरी आली. वजन सहा किलो उतरलं होतं, जिना चढताना दोनदा पायरीवर बसली. मुलगी चार दिवस राहून गेली. तिने फ्रिजमधल्या पिशव्या तारखेप्रमाणे लावल्या, पाकिटांवर मोठ्या अक्षरात आकडे घातले आणि जाताना बापाच्या हातावर हात ठेवून नुसती उभी राहिली. "तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाबा," एवढंच म्हणाली. त्याने मान हलवली.

मुलगी गेली त्या दिवशी दुपारी त्याने पिशवी फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवली. थंडगार पिशवी लावत नाहीत, तिला खोलीची ऊब यावी लागते. एवढं तो अजून करू शकत होता. साडेसहाला पंखा बंद केला, खिडकी लावली, टेबल पुसलं, पाकिटं आकड्यांप्रमाणे मांडली. सिस्टरांनी बजावलं होतं, जोडताना खोलीत ज्याचं काम नाही त्याने थांबायचं नाही.

तो बाहेर येऊन दाराशी उभा राहिला. बायको न्हाणीघराकडे निघाली होती, हात धुवायला. वाटेत थांबली. तिच्या हातात मास्क होता, मागे बंद बांधायचा.

"एवढं बांधून द्या," ती म्हणाली.

तिचे दोन्ही हात मोकळे होते. दवाखान्यात ती रोज आपला आपण बांधायची, त्याने बघितलं होतं.

तो तिच्या मागे गेला. तिने मास्क नाकावर धरला आणि मान जराशी वाकवली. केस विरळ झाले होते, त्यातून मागची कातडी दिसत होती. त्याने वरचे बंद धरले. एक सुटला. पुन्हा धरला. पहिली गाठ पडली ती घसरली. त्याच्या बोटांचे सांधे तिच्या डोक्यावर टकटक आपटत होते. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच कमी होते, आणि सातची वेळ या घरात कधी चुकली नव्हती.

"वेळ होतेय," तो म्हणाला.

"होऊ दे."

ती हलली नाही. मागे वळून बघितलंही नाही. त्याने कोपरं बरगड्यांना दाबून धरली आणि पुन्हा बंद उचलले. कितीतरी वेळाने वरची गाठ बसली, मग खालची. गाठी वेड्यावाकड्या पडल्या होत्या, एक बंद लांब आणि एक आखूड.

तिने त्यांना हात लावला नाही. तशीच न्हाणीघरात गेली आणि हात धुऊन आल्यावर कोपराने खोलीचं दार लोटून घेतलं.