ग्वाओच्या दांड्या

दिग्नाच्या कोंबड्या आंब्यावर झोपायच्या. त्या वर्षी मुंगसाने महिन्याभरात चार नेल्या, तेव्हा तिचा भाऊ एलपिदिओ याने परसात खुराडं बांधायला घेतलं. पत्रा, जाळी, दार, सगळं झालं. कोंबड्यांना रात्री बसायच्या दांड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

एलपिदिओ घरी परतून आठ महिने झाले होते. एकोणिसाव्या वर्षी तो चोरट्या होडीतून समुद्रापलीकडच्या प्वेर्तो रिकोला निघाला आणि पुढे चोवीस वर्षं ना पत्र ना निरोप. मी लग्न होऊन शेजारी आले ती त्यानंतर, म्हणून मी त्याला आधी पाहिलेलं नव्हतं. तो गेला तेव्हा दिग्ना नऊ वर्षांची होती. आणि त्यांची आई एमेरिता, जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणत, तिच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू. पण आलेल्या माणसाला सगळं ठाऊक होतं. आईचा कोपर कसा पोळला, बकरी विहिरीत कधी पडली, दिग्नाला घरात 'चिमणी' म्हणत, हेसुद्धा. चोवीस वर्षांत चेहरा बदलायचाच, शंका यायची कुणाला? साऱ्या गावाने त्याच्या गळ्यात पडून रडून घेतलं.

शनिवारी तो ओढ्यापलीकडून लाकडं तोडून घेऊन आला आणि दिवसभर खुराड्यात खपला. मी कुंपणावरून म्हटलं, "काय हो, कोंबड्यांना राजवाडा बांधताय, आणि बहिणीचं स्वयंपाकघर गळतंय ते?"

"कोंबड्या अंडी देतात, बहीण शिव्या देते," तो आतूनच हसला.

काम मात्र देखणं केलं होतं. चार दांड्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, प्रत्येक वरची जरा मागे, म्हणजे वरच्या कोंबडीची घाण खालचीच्या पाठीवर पडायला नको. मनगटाएवढ्या जाड, गोल, कुठे खुटी नाही की धार नाही. साली त्याने हातांनी सोलल्या आणि घाम पुसत पुसत संध्याकाळपर्यंत काम उरकलं.

सोमवारी सकाळी दिग्नाची हाक आली. "नेरेइदा! धाव गं!"

मी तशीच पळाले. एलपिदिओ खाटेवर बसला होता. त्याचा चेहरा पिकल्या पपईसारखा सुजलेला, डोळ्यांच्या जागी दोन चिरा, मानेवर पाण्याने भरलेले फोड.

"काय चावलं?" मी विचारलं.

"काही नाही चावलं. काल रात्रीपासून नुसती आग होतेय," तो कसाबसा बोलला.

दिग्ना त्याच्या हातांकडे बघत होती. तळवे काळे पडले होते, डांबर फासल्यासारखे. ती तडक परसात गेली. मी मागोमाग. खुराड्यातल्या दांड्या, ज्या शनिवारी पांढऱ्या दिसत होत्या, त्यांच्यावर काळे ओघळ सुकले होते. भिंतीशी तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता. काटेरी कडांची ती पानं पाहिली आणि मी दोन पावलं मागे सरले.

ग्वाओ.

आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला आधी ग्वाओ दाखवतात, मग विहीर. त्याचा चीक अंगाला लागला तर कातडी सोलून निघते. इथे वाढलेला माणूस दारू पिऊन पडला तरी ग्वाओच्या बाजूला पडणार नाही.

"शहरात राहून विसरला असेल गं," मी म्हटलं. माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

दिग्ना आत गेली. खाटेसमोर उभी राहिली.

"ते झाड ओळखलं नाहीस?"

"कुठलं झाड?"

"माझ्या भावानेच मला ते दाखवलं होतं. हात धरून नेलं होतं. म्हणाला, चिमणे, याच्या सावलीतसुद्धा थांबायचं नाही." "तू कोण आहेस?"

त्याच्या डोळ्यांच्या चिरांमधून पाणी गळत होतं. फोडांचं की डोळ्यांचं, कळत नव्हतं.

"फाउस्तिनो," तो म्हणाला. "राजधानीतला. रस्त्यावर वाढलो. तुझ्या भावाच्या होडीत होतो."

मी दाराची चौकट धरली.

"इंजिन बंद पडलं. वाहत गेलो. तो माझ्याशेजारी होता. रात्रंदिवस घराबद्दल बोलायचा. पाचव्या दिवशी गेला. आम्ही त्याला पाण्यात सोडलं. सातव्या दिवशी जहाजाने आम्हाला उचललं."

"आणि चोवीस वर्षांनी त्याचं नाव लावून आलास?" दिग्ना किंचाळली.

"सांगायलाच आलो होतो. देवाशप्पथ! इतकी वर्षं हिंमत झाली नाही. फाटकाशी आलो, तर तुझी आई म्हणाली, 'आलास?' मला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. मला 'नाही' म्हणता आलं नाही."

दिग्नाने खुंटीवरचा कोयता ओढला. मी तिच्या कमरेला मिठी मारली.

"ठेव तो," मागून आवाज आला.

दोन्या एमेरिता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती भिंतीला धरून चार पावलं पुढे आली आणि विचारलं, "माझ्या पोराला तहान लागली होती का रे?"

"हो," तो म्हणाला आणि हुंदके देऊ लागला.

म्हातारी जमिनीवर बसली. रडली नाही. पदरासारखं पोलक्याचं टोक तोंडात धरून नुसती हलत राहिली. मी आजवर तसं कुणाला बघितलेलं नाही आणि बघायचंही नाही.

गाव हादरलं. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं दगडांनी ठेचा. दोन्याने सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. एलपिदिओच्या आत्म्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना झाली, चोवीस वर्षांनी. दिग्नाने आणि मी हाताला पोती गुंडाळून त्या दांड्या काढल्या आणि लांब नेऊन पुरल्या. जाळता येत नाहीत, धुरानेही डोळे जातात. दिग्नाने मग स्वतः पेरूच्या फांद्या आणून बसवल्या.

तोंड बरं होईपर्यंत फाउस्तिनो अवजारांच्या खोलीत राहिला. दोन्याचाच तसा हुकूम होता. रोज संध्याकाळी ती त्याला पायरीवर बसवायची. "आज काय म्हणाला होता ते सांग." तो सांगायचा. होडीतला एलपिदिओ तळलेल्या केळ्यांची आठवण काढायचा, गाणं अर्धं सोडायचा, दिग्नाला शाळेचे बूट पाठवणार म्हणायचा. दिग्ना आत पाठमोरी उभी राहून केळी सोलत असायची. तिचा सुरीचा हात मधेच थांबायचा.

सोळाव्या संध्याकाळी तो म्हणाला, "दोन्या, आता काही उरलं नाही."

"मग जा," ती म्हणाली. रागाने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसच्या रस्त्याला लागला. दिग्ना त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पण त्याच्या हातातली पिशवी मी ओळखली. दिग्नाची होती. आत कसाव्याचा उकडलेला कंद आणि सहा अंडी.

"त्याला दिलंस?" मी विचारलं. मला खरंच धक्का बसला होता.

"तो पाच दिवस एलपिदिओच्या शेजारी होता, नेरेइदा," ती म्हणाली. "आमच्यापैकी कुणी नव्हतं." आणि बादली उचलून धुणं वाळत घालायला गेली.